मौजे पल्याड

"पल्याड कुठं आहे?"

तळेकर मॅडमनी गाडीतनं उतरल्या उतरल्या हाच प्रश्न टाकला. नमस्कार नाही, पाणी नाही. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात फाईल, आणि डोळे नदीच्या वळणावर.

आमचे उपसरपंच दत्तूअण्णा मारुतीच्या पारावर तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. नुसती हनुवटी नदीकडं केली.

"ते काय पल्याड."

"ती समोरची घरं?"

"व्हय की. नदीच्या हिकडं आमी, तिकडं पल्याड. दुसरं काय असणार?"

मॅडमचा चेहरा असा उजळला की काही विचारू नका. "चला निवास," मला म्हणाल्या, "म्हणजे गाव आहे. मी उगीच रात्रभर टेन्शन घेतलं."

मी त्यांच्याबरोबर का होतो, ते सांगतो. बांधकाम खात्याच्या ऑफिसातनं त्यांचा मला आदल्या दिवशी फोन आला होता. "तुमच्या भागातले नकाशावरचे सगळे रस्ते निवास माळवे या नावानं काढलेले दिसतात. ते तुम्हीच का?" मीच. बारावीनंतर मी घरी होतो. म्हशी, वैरण, आणि मोबाईल. मोबाईलवर एक नकाशा असतो, कुणीही त्यात भर घालू शकतं, फुकट. मला कुणी शिकवलं नाही. आधी आमच्या घराचा रस्ता काढला, मग पाण्याची टाकी, मग एस.टी.चा थांबा. मग नादच लागला. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "नाव निवास, आणि घरात पाय टिकंना. दिवसभर कुठं रं फिरतोस?" मी म्हणायचो, "नकाशा काढतोय." ते म्हणायचे, "नदी हाय तिथंच हाय, डोंगर हाय तिथंच हाय. मग काढतोस काय?"

तर त्या नकाशावर आमच्या नदीच्या वळणाजवळ एक टिंब होतं. कुठल्यातरी जुन्या सरकारी नकाशावरनं उचललेलं. शेजारी इंग्रजीत नाव. मी ते दोन वर्षं बघत होतो आणि वाचत होतो 'पालयाद'. मला वाटायचं वर जंगलात कुठंतरी जुनी वस्ती असेल. हात लावला नव्हता. माझ्या तोंडातनं दिवसातनं दहा वेळा निघणारा शब्द माझ्याच डोळ्यापुढं टिंब लावून बसलाय, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. मॅडमनी फोनवर 'पल्याड' म्हटलं तेव्हाही नाही. मला वाटलं, त्या बाहेरच्या, नांदेडकडच्या, त्यांचा उच्चार तसा असेल.

आणि मॅडम कशाला आल्या होत्या? साकवासाठी, म्हणजे नदीवरच्या छोट्या पुलासाठी.

ही गोष्ट आमच्याकडं लहान नव्हती. नदीच्या या काठाला आमची माळवेवाडी, त्या काठाला कुंभेवाडी. मध्ये नदी. फाल्गुनात गुडघाभर पाणी, चप्पल हातात घेऊन माणूस बोलत बोलत पार होतो. पण मिरगानंतर ती अशी फुगते की दिवाळीपर्यंत तिच्याकडं बघायचं नाही. मग समोर दिसणाऱ्या कुंभेवाडीला जायला तालुक्याला वळसा. दोन एस.टी. बदलायच्या, दुसरी आली तर.

माझी बहीण मालूताई कुंभेवाडीत दिली होती. आमच्या परड्यातनं तिच्या सासरचं अंगण दिसायचं. ती जनावरांना पाणी पाजताना दिसायची. पण लग्न झाल्यापासनं एकदाही ती पंचमीला माहेरी आली नव्हती. पहिल्या वर्षी ती नवी साडी नेसून त्या काठावर येऊन उभी राहिली आणि आई या काठावर. नदीचा आवाज एवढा, की दोघी ओरडत होत्या आणि एकीचं एकीला कळत नव्हतं. शेवटी आईनं पुरणाच्या दिंडांची परात उचलून तिला नुसती दाखवली. ताई तिकडनं हात हलवत होती. मी परात धरायला पुढं झालो तर आई म्हणाली, "सोड. माझी मी धरती."

त्यामुळं मॅडम यायच्या दिवशी सकाळी आई धुण्याची बुट्टी काखेत मारून नदीला निघाली तेव्हा एवढंच म्हणाली, "त्या बाईस्नी नीट वाट दाव. उगं तुझी हुशारी दावू नकोस. साकव हुंदे म्हंजे झालं."

तर आम्ही नदी ओलांडली. मॅडमनी बूट काढले, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि फाईल डोक्यावर धरली. खाली वळणाला दोन्ही वाड्यांच्या बायका धुणी धूत होत्या, कारण चांगले दगड तेवढ्याच जागी आहेत. त्यातनं आई बघत होती. ताईपण होती. तिनं मला खुणावलं, काय? मी अंगठा दाखवला. सगळं ओके.

त्या काठावर केरबातात्या भेटले. कुंभेवाडीतले वजनदार. खांद्यावर विळा लावून वैरणीला निघालेले.

मॅडम दम खात म्हणाल्या, "नमस्कार काका. हेच पल्याड ना?"

तात्यांनी त्यांना वरपासनं खालपर्यंत बघितलं. मग विळा काढून हातात घेतला आणि त्याच्या टोकानं आम्ही जिथनं आलो तिथं, आमच्या माळवेवाडीकडं दाखवलं.

"पल्याड ते. तुमी पल्याडनंच आलासा की."

मॅडमनी मागं वळून बघितलं. पारावर दत्तूअण्णा अजून तंबाखूच मळत होते.

"मग हे काय आहे?"

"हे अल्याड."

मॅडम तशाच ओल्या पायांनी उभ्या. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "निवास, हे लोक माझी चेष्टा करतायत का?"

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात ते 'पालयाद' धाडकन पल्याड झालं. मला हसू आवरंना. मला हसताना बघून त्यांनाही कळलं. त्यापण हसायला लागल्या. तात्यांना कळंना की ही दोघं कशाला हसतायत, म्हणून तेपण थोडं हसले.

"म्हणजे कुणीतरी साहेब कधीकाळी इथं आला," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "समोर बोट करून विचारलं, तिकडं काय आहे? आणि यांनी सांगितलं..."

"पल्याड."

"आणि त्यानं टिंब दिलं!"

मग त्यांनी फाईल उघडून मला दाखवली. तिच्यात दोन अर्ज होते. एक माळवेवाडीचा: 'आम्हास पल्याड जाण्यासाठी साकव मिळावा.' एक कुंभेवाडीचा: 'आम्हास पल्याड जाण्यासाठी साकव मिळावा.' दरवर्षी दोन्ही वाड्या हाच अर्ज करायच्या. ऑफिसातल्या कुणीतरी नकाशा उघडला, तर खरंच पल्याड सापडलं.

"आमच्या ऑफिसला वाटलं, दोन दोन वाड्यांना तिथं जायचंय म्हणजे केवढं महत्त्वाचं गाव असेल! लगेच मंजूर. मौजे पल्याड येथे साकव बांधणे."

मी पोट धरून हसत होतो. पण मॅडमचं हसू हळूहळू आटलं. फाईल मिटून त्या दगडावर बसल्या.

"निवास, पण हे वाईट झालं. गाव नाही."

"गाव नाही तर काय झालं? नदी आहे. दोन वाड्या आहेत. नाव बदला की कागदावर."

"नाव बदलायचं तर कागद परत वरपर्यंत जाणार. मार्च आला. आणि वरचे साहेब मला काल काय म्हणाले माहितीये? तळेकर, जाऊन बघून या. पल्याड असेल तर ठीक, नसेल तर हा साकव पुढच्या खोऱ्यात देऊन टाकू, तिथले लोक रोज येऊन बसतात. मला आज संध्याकाळी फक्त एक ओळ द्यायचीय. वस्ती आहे की नाही."

"मग लिहा की आहे."

"खोटं नाही लिहायचं मला." त्या एकदम म्हणाल्या. "नोकरी लागून सहा महिने झालेत. कुणीतरी माणूस माझ्यासमोर उभा राहून म्हणाला पाहिजे, की मी पल्याडचा. मी पल्याडला राहतो. चारजण तसं म्हणून सही करू देत, मी आत्ता लिहिते."

मला वाटलं, एवढंच ना. सोपं आहे.

मी मूर्ख होतो.

तासाभरात दोन्ही वाड्यांचे बाप्ये मारुतीच्या पाराजवळ गोळा झाले. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. कुठल्यातरी एका वाडीनं पल्याडचं व्हायचं, बास. साकव दोघांचाच आहे.

दत्तूअण्णा म्हणाले, "हां, मग कुंभेवाडीवाल्यांनी सही करावी. त्येनी हायतच पल्याडचं."

केरबातात्या उसळले. "आमी? आमी आमच्या जाग्यावर हाय! पल्याडचं तुमी!"

"अरं देऊळ कुठल्या काठाला हाय? मारुती काय पल्याड असतोय व्हय?"

"मारुतीचं तोंड कुणाकडं हाय ते बघ आधी! तुझ्याकडं पाठ केलीया त्यानं!"

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर तुम्हाला यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्याकडं पल्याडचा म्हणजे नुसता तिकडचा नव्हे. पल्याडचा म्हणजे आपल्यातला नव्हे. क्रिकेटमध्ये हरलं की 'पल्याडची पोरं चिडकी'. बैल मारका निघाला की 'पल्याडनं घेतला हुता, वाटलंच'. असा शब्द स्वतःच्या नावापुढं लावून, वर सही करायची? सरकारी कागदावर? कायमची?

मी मध्ये पडायला गेलो. "अण्णा, आपणच करू या की सही. काय फरक पडतोय? नाव तर नकाशावरचं."

"तू गप ए नकाशा! कुंभेवाडीची पोरं उद्या माझ्या पोराला वरडून वरडून सांगतील, कागदावर पल्याडचा हाईस म्हणून."

"वरडणारच!" तिकडनं कुणीतरी म्हणालं, आणि दोनचारजण हसले, आणि मग कुणीच हसेना.

चिठ्ठ्या टाकू या, असं एकजण म्हणाला. तेही फिसकटलं. दोघांनी निम्मं निम्मं पल्याड घ्यावं, असंही एकजण म्हणाला, तर निम्मं कुठनं धरायचं यावर परत जुंपली. माझे आबा एका बाजूला बिडी ओढत बसले होते. ते कधी असल्यात बोलत नाहीत. मॅडम घड्याळ बघत होत्या. शेवटी त्यांनी फाईलची दोरी बांधायला घेतली.

"बरं. मग मी खरं तेच लिहिते. पल्याड नावाची वस्ती नाही."

साकव डोळ्यादेखत पुढच्या खोऱ्यात चालला होता, आणि दोन्हीकडचे शहाणे आपापल्या काठाला घट्ट चिकटून बसले होते.

"बाई, थांबा जरा."

आवाज खालनं, पाण्यातनं आला. धुण्याच्या दगडापाशी माझी आई उभी होती. साडीचा ओचा खोचलेला, हातात पिळलेलं लुगडं. चारचौघांत माझ्या आईचा आवाज मी त्याआधी ऐकलेला आठवत नाही. ती गावसभेला जायची ती मागं बसून परत यायची.

"मी हाय पल्याडची," आई म्हणाली.

दत्तूअण्णा म्हणाले, "वैनी, तुमी कशाला मधी? तुमी माळवेवाडीच्या न्हवं?"

"आता माळवेवाडीची व्हय?" आई पाण्यातनं वर येत म्हणाली. "भावजी, तीस वर्सं झाली मला कुंभेवाडीतनं हितं दिऊन. कुणी कवा माळवेवाडीची म्हणालंय? तुमीच म्हणला न्हवं, आमटी खारट झाली तवा, पल्याडचा वाण म्हणून?"

अण्णांनी तंबाखू एकदम तोंडात टाकली.

"ह्यास्नी इचारा." आईनं आबांकडं बघितलंसुद्धा नाही. "तीस वर्सांत नावानं हाक मारलीया का मला. ए पल्याडची, च्या टाक. ए पल्याडची, म्हस सोड."

खरं होतं. मी ती हाक जन्मापासनं ऐकत होतो, तिचा अर्थ काय असतो हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आमच्याकडं बेटीव्यवहार याच दोन वाड्यांत. माळवेवाडीतल्या सुना बहुतेक कुंभेवाडीच्या, कुंभेवाडीतल्या बहुतेक माळवेवाडीच्या. आणि प्रत्येक घरात एक पल्याडची.

मॅडमनी दोरी सोडली. "मावशी, पण मग माहेरी गेल्यावर? तिथं तर तुम्ही तिथल्याच ना?"

"तिथलं तर काय इचारूच नका!" हे आई नव्हे, मालूताई बोलली. तीपण वर आली होती, हातात साबणाचा फेस तसाच. "मी हितली लेक. हितं आली की आमचे अण्णाकाकाच म्हंत्यात, पल्याडची पावनी आली. सासरी गेली की तिथं पल्याडची सून. दोन्हीकडं पल्याडचीच मी. मला तर अल्याड म्हंजे काय त्येच ठावं न्हाई बघा."

मागनं बायका हसायला लागल्या. आणि हसता हसता एकेक जण पाण्यातनं वर येऊन उभी राहिली. मीबी पल्याडची. मीबी. कुंभेवाडीची म्हातारी गंगूआत्ती काठी टेकत आली आणि म्हणाली, "मी समद्यांत जुनी पल्याडची. माझी सही आधी घ्या. सही न्हाई येत, अंगठा घ्या."

"अगं, तुझं काय?" केरबातात्या ओरडले, कारण गंगूआत्तीच्या मागं त्यांची बायको उभी होती.

"माझं काय?" त्या म्हणाल्या. "काल तर म्हणाला, पल्याडच्या बायका लई बोलत्यात. मग बोलती."

मॅडम हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी पेन काढलं, फाईल पारावर ठेवली आणि आईला विचारलं, अगदी ऑफिसात विचारतात तसं.

"नाव?"

"हौसाबाई शामराव माळवे."

"राहणार?"

आईनं एक क्षण आबांकडं बघितलं. आबांची बिडी विझली होती.

"पल्याड," आई म्हणाली.

"किती वर्षांपासून?"

"लगीन झाल्यापास्नं."

"घेतलं," मॅडम म्हणाल्या, आणि खाली वाकून लिहायला लागल्या. आईचे हात ओले होते म्हणून तिनं ते पदराला पुसले आणि सही केली. मॅडमनी चार मागितल्या होत्या. पान भरलं, मागची बाजूपण भरली. बाप्ये बघत उभे. कुणाचीच बायको धुण्याकडं परत गेली नव्हती.

त्या दिवशी मॅडमनी जी एक ओळ दिली ती त्यांनी मला मोबाईलवर दाखवली. 'समक्ष पाहणी केली. मौजे पल्याड येथे वस्ती आहे.' मी विचारलं, "मॅडम, हे खोटं तर नाही ना?" तर म्हणाल्या, "निवास, मीपण लग्न करून नांदेडहून इकडं आलेय. याच्याएवढं खरं मी अजून कागदावर काही लिहिलेलं नाही."

साकव झाला. लोखंडी, अरुंद, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा. पुढं त्याच्यावरनं ताई पंचमीला आली, एकदा बाळंतपणाला आली, रागावूनपण एकदा आली आणि संध्याकाळी राग गेल्यावर परत गेली. आता माझं कामच नकाशांचं आहे, कोल्हापुरात, पगारी. अजून अधूनमधून कुणीतरी लांबचा माणूस त्या टिंबावर शंका काढतो, हे गाव दिसत नाही, काढून टाकू का? मी लिहितो, राहू दे, माझी माणसं आहेत तिथं.

पण मला आठवतो तो साकव सुरू झाला तो दिवस. पंचमीचा आदला दिवस. खाली नदी तांबडी, दुथडी. दोन्ही काठांवर माणसं, फेटे बांधलेली. मॅडम साकवाच्या मध्यावर उभ्या, हातात नारळ. त्यांनी दत्तूअण्णांकडं बघितलं, मग केरबातात्यांकडं बघितलं. दोघंही एकदमच पुढं झाले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "कागदावर गाव पल्याड आहे. मान पल्याडच्यांचा." आणि त्यांनी नारळ आईपुढं धरला.

कुजबुज झाली. आमच्याकडं बाईमाणूस नारळ फोडत नाही. घरच्या देवापुढंसुद्धा नाही, घरात बाप्या नसला तर शेजारचं पोर बोलावतात. आई दोन पावलं मागं सरली. "नगं बाई. मला न्हाई जमायचं. कवा फोडला न्हाई."

तेव्हा मागनं आबांचा आवाज आला. मला वाटलं, आता म्हणतील, ए पल्याडची, ये मागं. आबा दोनदा खाकरले.

"हौसा," ते म्हणाले. "फोड की."

आईनं नारळ घेतला. पहिल्यांदा कठड्यावर आपटला तो टणकन वाजून हातातनं निसटणारच होता, ताईनं धरला. पोरं हसली. दुसऱ्यांदा आईनं पदर खोचला आणि असा मारला की दोन भकलं झाली आणि पाणी तिच्या अंगावर. एक तुकडा तिनं नदीत टाकला. देवाचं देवाला.

मग तिनं वाटीतनं खोबऱ्याचा दुसरा तुकडा काढला. दोन्ही बाजूचे हात पुढं आले. हिकडनं दत्तूअण्णांचा, तिकडनं केरबातात्यांचा. दोन्ही काठ बघत होते, पहिला प्रसाद कुणाला.

आईनं हिकडं बघितलं. तिकडं बघितलं. आणि तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

ती सावकाश चावत होती.

"गोड हाय," ती म्हणाली, आणि राहिलेलं वाटायला घेतलं.